उरलेलं नको, पहिलं ताट तुमचं

मागच्या अंकात मी सहज एक प्रश्न टाकला होता, दिवसभरात फक्त स्वतःसाठी म्हणून तुम्ही काय करता. त्यावर एवढी पत्रं, ईमेल आणि व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज आलेत की सगळ्यांना उत्तरं देणं या पानांत शक्य नाहीये. पण वाचताना एक वाक्य सारखं भेटत राहिलं, वेळ उरला तर बघू. बायकांनी लिहिलंय, पुरुषांनी लिहिलंय, अगदी कॉलेजच्या मुलांनीही लिहिलंय. मला त्या "उरला तर" ची फार काळजी वाटते. समुपदेशनाचं काम इतकी वर्षं करतेय, आपोआप वेळ उरला आणि मग त्या वेळात तब्येत सुधारली असं मी एकाही घरात पाहिलेलं नाही. काही पत्रं इथे घेतेय, थोडी लहान करून, नावं गाळून.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ४२ वर्षांची, डोंबिवलीला राहते, फोर्टात एका ऑफिसमध्ये अकाउंट्सला आहे. पावणेपाचला उठते, तिघांचे डबे, सासूबाईंचं पथ्याचं, पाणी भरणं, सकाळी चहा-पोळी उभ्या उभ्याच खाते आणि सातची फास्ट पकडते. घरी यायला पावणेआठ. रात्री सगळ्यांचं झालं की मी जेवते, तोपर्यंत भाजी बरेचदा संपलेली असते मग लोणचं नाहीतर दहीभात. दोनतीन महिने झाले ब्रिज चढताना धाप लागते, केस गळतात, कुणी साधं काही बोललं तरी रडू येतं. ऑफिसच्या कँपमध्ये हिमोग्लोबिन ९.१ आलं. मैत्रीण म्हणाली सेल्फ केअर कर, महिन्यातून एकदा पार्लर, फेशियल, स्पा. गेले, खरंच बरं वाटलं, पण घरी आले तर सिंकमध्ये भांडी तशीच होती आणि अर्ध्या तासात सगळं गेलं. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : नाही हो, तुमचं काही चुकत नाहीये. तुमचं रक्त कमी आहे आणि काम जास्त आहे, या दोन गोष्टींना फेशियल पुरणार नाही एवढंच. पार्लरला जरूर जा, आवडत असेल तर, पण आधी त्या ९.१ कडे बघूया.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवं. ९.१ म्हणजे किरकोळ नाही, मध्यम स्वरूपाचा ॲनिमिया आहे. धाप, केस गळणं, चिडचिड, रडू येणं, यातलं बरंचसं त्यातूनच येत असणार आणि तुम्ही मात्र माझा स्वभावच असा झालाय म्हणून स्वतःला बोल लावत बसलात. तुम्ही एकट्या नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता. म्हणजे तुमच्या लेडीज डब्यात तुमच्या सीटवर चौघी बसल्या असतील तर त्यातल्या दोघींना असायची शक्यता आहे.

तर पहिलं काम, या आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. आणि नुसत्या गोळ्या लिहून घेऊन यायचं नाही, रक्त कमी का झालं ते विचारायचं. तुमच्या वयात पाळीला जास्त जाणं हे फार मोठं कारण असतं आणि बायका ते सांगतच नाहीत कारण त्यांना वाटतं सगळ्यांचं असंच असतं. दर तास-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, पाळी सात दिवसांच्या पुढे जात असेल तर तसं स्पष्ट सांगा, कदाचित सोनोग्राफी करायला सांगतील, करून घ्या. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं त्याने घाबरू नका, ते गोळीमुळे असतं. आणि हिमोग्लोबिन वाढलं की लगेच गोळ्या बंद करायच्या नसतात, शरीरातला साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात. इथे नव्वद टक्के बायका सोडून देतात असं माझं आपलं अनुभवाचं मत आहे, आकडा म्हणून धरू नका.

आता तुमची ती चहा-पोळी. मला पण आवडते, लहानपणापासून खात आलेय. पण जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह शरीराला नीट मिळत नाही, त्यामुळे चहा उठल्या उठल्या घ्या आणि पोळी नंतर भाजीबरोबर खा, मध्ये तासाभराचं अंतर पडू द्या. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा. बस, वेगळं काही करायचं नाहीये, जे आहे त्याची जागा बदलायचीय.

आणि जेवायचं शेवटी हे बंद करा. हे मी अगदी कळकळीने लिहितेय. आपल्याकडे बाईने शेवटी बसायचं, भाजी संपली तर लोणचं घ्यायचं, कालची पोळी आपण खायची आणि ताजी पोरांना वाढायची, हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात कुणाला काही वाटतच नाही. तुम्हाला सगळ्यांबरोबर बसणं जमत नसेल तर निदान एवढं करा, स्वयंपाक झाला की सगळ्यात आधी स्वतःच्या डब्याची भाजी आणि रात्रीची वाटी भरून बाजूला झाकून ठेवायची. आधी. मग बाकीचे डबे. पहिले चार दिवस हात थबकेल, चोरी केल्यासारखं वाटेल, मला एका बाईने अक्षरशः हेच शब्द सांगितले होते. पाचव्या-सहाव्या दिवशी वाटणं कमी होतं.

भांड्यांचं. सरकारनेच २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कुठे घालवतात याची देशभर पाहणी केली, त्यात घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं आलं, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. त्यातही मुळात घरकाम करणारा पुरुष चारात जेमतेम एक. २०२४ ला परत पाहणी झाली तेव्हा बायकांची मिनिटं २८९ झाली, पाच वर्षांत दहा मिनिटं. म्हणजे घरातल्यांना आपोआप कळेल म्हणून थांबून राहिलात तर काय होईल ते दिसतंच आहे, त्यामुळे मागावं लागेल. आणि मागताना "जरा मदत करा" असं मागू नका. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं आणि समोरचा उपकार करतो. एक काम पूर्ण द्या, त्याची आठवण ठेवण्यासकट. रात्रीची भांडी आणि ओटा नवऱ्याकडे, तर घासणी संपली की ती आणायचीही त्यांनीच. भाजी मुलाकडे, तर "आई काय आणू" असा फोन यायला नको, आला तर ते काम तुमच्याच डोक्यावर आहे असं समजा. ओटा तुमच्यासारखा चकचकीत निघणार नाही, निघू द्या तसाच. उठून परत पुसू नका, हे सगळ्यात अवघड आहे मला माहितीये.

ट्रेनचं राहिलं. लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात, पिशवीत पालकाच्या जुड्या, मांडीवर पेपर, देठं एका बाजूला पानं एका बाजूला, सीएसएमटी येईपर्यंत चार जुड्या साफ. कौतुक वाटतं पण तो जाऊन-येऊन दोन-सव्वादोन तासांचा वेळ हा तुमच्या दिवसातला एकच असा आहे जिथे तुम्हाला कुणी हाक मारू शकत नाही. तो भाजीला देऊ नका. बसायला मिळालं तर डोळे मिटा, गाणी ऐका, मैत्रिणींशी गप्पा मारा, काहीच करू नका. आणि सीएसएमटीहून ऑफिसला शेअर टॅक्सीने जात असाल तर थोडं बरं वाटायला लागल्यावर, म्हणजे हिमोग्लोबिन वर आल्यावर, चालत जा. पंधरा मिनिटं जाताना, पंधरा येताना, पाच दिवस, झाली आठवड्याची १५० मिनिटं, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना तेवढाच किमान व्यायाम सांगते.

आणखी एक, तुम्ही लिहिलं नाहीये पण विचारते. ट्रेनमध्ये, ऑफिसमध्ये बाथरूमला जायला नको म्हणून पाणी कमी पिता का? बहुतेक पित असाल. मुंबईत बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' म्हणून चळवळ उभी राहिली ती काही उगाच नाही, तासन् तास दाबून ठेवून मूत्रमार्गाचं इन्फेक्शन घेऊन बसलेल्या कितीतरी बायका आहेत. स्टेशनवर उतरून ऑफिसला पोचल्या पोचल्या बॅग ठेवायच्या आधी बाथरूमला जायचं आणि मग एक ग्लास पाणी प्यायचं, असं जोडूनच ठेवा.

दोन महिन्यांनी रिपोर्ट काय आला ते मला नक्की कळवा.

प्रश्न : एवढं सगळं करण्यापेक्षा रोज एक मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेतली तर चालेल ना? वय ३५, पूर्ण शाकाहारी, छत्रपती संभाजीनगर.

उत्तर : चालणार नाही. आधी काय कमी आहे ते बघा, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी, व्हिटॅमिन बी १२, व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड एवढ्या टेस्ट डॉक्टरांना विचारून करून घ्या. शाकाहारी माणसात बी १२ कमी निघणं खूप कॉमन आहे कारण ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यातूनच मिळतं, तोंड येणं, पायाला मुंग्या, विसरायला होणं असं असेल तर टाळू नका. डी चे ते ६०,००० युनिटचे सॅशे मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून महिनोन् महिने घेणारे लोक आहेत, कृपा करून तसं करू नका, डी शरीरात साठतं आणि जास्त झालं तर त्रास होतो. आणि बऱ्याच जणी लोहासाठी म्हणून नाचणी खातात, नाचणी जरूर खा पण तिची खरी ताकद कॅल्शियम आहे, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. लोहासाठी अळीव बघा, थंडीत अळिवाचे लाडू आपल्याकडे उगाच करत नाहीत.

प्रश्न : ताई, मी पुरुष आहे, माझा प्रश्न घ्याल की नाही माहीत नाही. वय ६१, कराडजवळच्या गावात असतो. मागच्या वर्षी मंडळींना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, बोललेलं कळतं पण शब्द निघत नाही. सगळं मीच करतो, आंघोळ, भरवणं, रात्री कूस बदलणं. मुलगा-सून पुण्यात आहेत, चांगले आहेत, रोज फोन करतात, म्हणतात काही लागलं तर सांगा. माझी कंबर धरलीय, बीपीची गोळी कधी घेतली कधी राहिली आठवत नाही. आमच्या गावात गुरुवारी भजन असतं, तीस वर्षं मी मृदंग वाजवत होतो, वर्षभर गेलो नाही. मंडळींना असं सोडून मी मृदंग वाजवायला गेलो तर ते पाप वाटतं. तुमच्या मासिकात स्वतःची काळजी घ्या असं असतं, ते आमच्यासारख्यांनी कसं करायचं?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग थोडा वेळ बाजूला ठेवलं. तुमचाच प्रश्न तर घ्यायला हवा, कारण घरात आजारी माणूस असला की सगळे त्याची तब्येत विचारतात, करणाऱ्याची कुणी विचारत नाही.

सुरुवात बीपीच्या गोळीपासून करा. वहिनींच्या गोळ्या तुम्ही वेळेवर देताच, तर तुमची गोळी त्याच डब्यात ठेवा. आठवड्याचा खणांचा डबा मेडिकलमध्ये मिळतो, दोन रंगांचे दोन आणा, रविवारी दोन्ही एकदम भरा. वहिनींना गोळी दिली की लगेच तुम्ही घ्यायची, त्याच पाण्याने. ही साधी गोष्ट आहे पण उद्या बीपी वाढून तुम्हाला काही झालं तर दोघांचं कोण करणार, याचा विचार तुम्ही रात्री जागे असताना करत असणार, मला शंका नाही.

कंबर धरली कारण उचलायची पद्धत कुणी शिकवली नसेल. हॉस्पिटलमधून सोडताना औषधांची फाइल देतात, माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं हे मात्र बरेचदा सांगायचं राहूनच जातं. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा आणि वहिनींचा व्यायाम झाल्यावर त्यांना म्हणा, आता मला शिकवा. तोवर एवढं लक्षात ठेवा, लांबून वाकून उचलायचं नाही, अगदी जवळ जायचं, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ. खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडे ठेवायची, तिकडे वळणं त्यांना सोपं जातं. आणि लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, खांदा निखळतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरा.

रात्रीचं. दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलेली असते ती बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून, ते बरोबरच आहे, पण वर्षभर एकाच माणसाने रोज रात्री दोन-दोन तासांनी उठणं हे कुणालाच झेपणारं नाही. हवेची गादी आणली नसेल तर आणा, भाड्यानेही मिळते. मग रात्रीची पाळी थोडी लांबवता येईल का ते डॉक्टरांना विचारून ठरवा, मनाने नको. आठवड्यातून दोन रात्री तरी दुसरं कुणीतरी हवं, गावातली एखादी मावशी पैसे देऊन ठेवा. पैसे मुलगा देईल. इथे मुलाचं येतं.

"काही लागलं तर सांगा" म्हणणारी मुलं मनापासून म्हणतात, पण तुम्ही सांगत नाही आणि त्यांना दिसत नाही, असं चाललेलं असतं. तुम्ही वाईट वाटून न घेता ठरावीक मागा. पुणे-कराड तीन-साडेतीन तासांचा रस्ता आहे. महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार मुलाने यायचं, आणि आल्यावर पाहुण्यासारखं आईजवळ बसून राहायचं नाही, आंघोळ, भरवणं, रात्रीची कूस सगळं त्यानेच करायचं. पहिल्या खेपेला त्याला जमणार नाही, तुम्ही खोलीत थांबू नका, ओट्यावर जाऊन बसा. वहिनींना मुलाने आंघोळ घालणं बरं वाटत नसेल तर ते सुनेने किंवा मावशींनी करावं, बाकी त्याने. महिन्यातून चार दिवस तुमची पाठ आणि झोप सुटली तरी फार फरक पडतो.

आता गुरुवार. दादा, तुम्ही पाप म्हणालात. मला एक सांगा, तुम्ही वहिनींना विचारलंत का? त्यांना बोलता येत नाही पण कळतं असं तुम्हीच लिहिलंय. मान हलवून हो-नाही सांगता येत असेल, डावा हात हलत असेल. समोर बसून नीट विचारा, मी गुरुवारी दीड तास भजनाला जाऊ का. तीस वर्षं तुमचा मृदंग ऐकलेली बाई आहे ती, वर्षभर घरात तो खोळीत पडलाय हे तिलाही दिसत असेल. आजारी माणसाला आपल्यामुळे घरातल्याचं सगळं थांबलं याचा जो सल असतो तो त्याला कुणापुढे मांडता येत नाही, आणि वहिनींना तर शब्दही नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या अशा घरांमध्ये मी हे अनेकदा पाहिलंय. विचारून बघा. आणि जायच्या आधी निदान एकदा घरीच, त्यांच्या पलंगाजवळ बसून वाजवा. झटक्यानंतर शब्द निघत नसलेली काही माणसं गाण्याच्या ओळी म्हणू शकतात, वाचा-उपचार करणारे लोक याचा उपयोगही करून घेतात. असं होईलच असं मी सांगत नाही, पण अभंग ओळखीचा असेल तर त्या काय करतात ते बघा. आणि वाचेसाठी स्पीच थेरपिस्ट दाखवला नसेल तर वर्ष झालं म्हणून सोडून देऊ नका.

तुम्ही भजनाला गेल्यावर शेजारच्या कुणीतरी बसायचं, दर गुरुवारी तेच माणूस, म्हणजे वहिनींनाही सवय होईल.

प्रश्न : हाय ताई, मी २६, हिंजवडीत आयटीत आहे, वाकडला चौघं मिळून फ्लॅट. शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११. मी सेल्फ केअरसाठी सगळं ट्राय केलं, पहाटे पाचला उठणं, जर्नल लिहिणं, मेडिटेशनचं ॲप, जिम, थंड पाण्याने आंघोळ. दहा-बारा दिवस होतं मग एक दिवस चुकतो, ॲपमधली स्ट्रीक तुटते आणि मग सगळंच सोडून देतो आणि स्वतःचाच राग येतो. रात्री तीन-साडेतीनपर्यंत रील्स बघत पडतो. माझ्यात विल पॉवरच नाही असं वाटतं.

उत्तर : अरे, रात्री अकराला सुटणाऱ्या मुलाने पहाटे पाचला उठायचं कशाला? वाकडला पोचून जेवून बारा-साडेबारा होत असतील, पाचला उठलास तर चार तास झोप. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात. तू दहा-बारा दिवस हे ओढलंस म्हणजे विल पॉवर भरपूर आहे, ती चुकीच्या ठिकाणी खर्च झाली. शरीर थकलं म्हणून थांबलं, त्याचं ऐक.

ते ॲप काढून टाक. महिनाभर फक्त झोप, दुसरं काही नाही. दीडला लाइट बंद, नऊला उठायचं, शनिवार-रविवार पण साधारण तेच. मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, खोलीत नाही, अलार्मसाठी साधं घड्याळ घे. रात्री आठला ऑफिसमध्ये कॉफी घेतोस का? कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे दीड-दोन वाजता अर्धी कॉफी तुझ्या अंगात असतेच, ती संध्याकाळी पाचच्या आत संपव. उठल्यावर पंधरा मिनिटं गॅलरीत उन्हात उभा राहा, चहा तिथेच पी. आणि चौघं राहताय तर आठवड्यातून दोनदा घरी मुगाची खिचडी टाका, कुकरला काय लागतं, रोज रात्री बारा वाजता ऑर्डर केलेली बिर्याणी खाऊन कुणालाच नीट झोप येणार नाही. रविवारी वेताळ टेकडीवर जा, एकट्याने नको, कुणालातरी उठवून घेऊन जा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. स्वतःचा राग येणं जर दोन आठवड्यांच्या वर रोजचंच झालं असेल, आवडणाऱ्या गोष्टीतही मन लागत नसेल, जगून काय करायचं असं एकदा जरी मनात आलं असेल, तर हा झोपेचा किंवा शिस्तीचा प्रश्न नाही, डॉक्टरला दाखवायचा आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेव, फ्लॅटमधल्या बाकी तिघांनाही दे.

प्रश्न : मी ६८ वर्षांची, नाशिकला मुलगा-सुनेजवळ असते. सून नोकरी करते, चांगली आहे, पण संध्याकाळी आली की अर्धा तास खोलीचं दार लावून घेते, म्हणे मी टाइम. त्या वेळात नातू माझ्याकडे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, सात माणसांचं केलं, कधी मला माझा वेळ हवा म्हटलं नाही. हे आताच्या मुलींचं जरा जास्तच होतंय असं तुम्हाला वाटत नाही का? मी वाईट सासू नाही पण मनात येतं ते लिहिलं. हल्ली माझं वाचनही सुटलंय, पूर्वी खूप वाचायची.

उत्तर : काकू, मनातलं लिहिलंत ते फार बरं केलंत, आणि वाईट सासू वगैरे काही नाही, असं वाटणं साहजिक आहे.

पण तुमच्या वेळी असलं काही नव्हतं का, हे आपण जरा आठवून बघूया. श्रावणात मंगळागौर असायची, रात्रभर जागून झिम्मा-फुगडी, पिंगा, घरातल्या कामाला त्या रात्री सुट्टी. नवरात्रात भोंडला, आज हिच्या अंगणात उद्या तिच्या, आणि खिरापत ओळखायची. नागपंचमीला माहेरी जायचं, भाऊ न्यायला यायचा. बाळंतपणात सव्वा महिना शेक-शेगडी, तेल लावायला बाई, डिंकाचे लाडू. तुमच्या आईच्या-आजीच्या वेळी तर जात्यावर बसलं की ओव्यांतून सासरचं सगळं मन मोकळं व्हायचं, आणि ते ऐकायला जोडीला दुसरी बाई असायची. म्हणजे वेळ होता काकू, तो मागावा लागत नव्हता कारण रीतच तशी होती, सण यायचा आणि विश्रांती घेऊन यायचा. तुमच्या सुनेच्या आयुष्यातून यातलं बहुतेक गेलं. तिला कुणी न्यायला येत नाही, मंगळागौर झाली तर हॉलवर तीन तास, त्यातही फोटो. म्हणून ती दार लावून घेते.

जुनं सगळं चांगलं होतं असंही मला म्हणायचं नाही. पाळीत चार दिवस बाहेर बसावं लागायचं, कावळा शिवला म्हणायचे, तेवढी विश्रांती मिळायची हे खरं, पण शिवाशिवीचा अपमान गिळून. आणि सात माणसांचं करून तुमचे गुडघे, तुमची कंबर काय झालीय हे तुम्हालाच माहीत. कधी म्हटलं नाही हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय, पण म्हणावंसं वाटलं नाही असं काही तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं त्या अर्ध्या तासाचा थोडा राग यासाठीही येत असेल की तुम्हाला तो कधी मिळाला नाही.

मग आता घ्या. सुनेशी बोला, भांडण म्हणून नाही, हिशेब म्हणून. तिचा अर्धा तास असतो तेव्हा नातू तुमच्याकडे, तर ती बाहेर आली की तुमचा एक तास, नातू तिच्याकडे किंवा मुलाकडे. मुलगा घरी असतो ना? पत्रात त्याचं काहीच आलं नाही, म्हणून विचारते. आणि हा तास म्हणजे देवघरातलं आवरणं किंवा उद्याची भाजी निवडणं नव्हे.

वाचन सुटलंय म्हणालात ते कंटाळा म्हणून की दिसत नाही म्हणून? डोळे शेवटचे कधी तपासले? अडुसष्टाव्या वर्षी मोतीबिंदू असू शकतो आणि तो इतका हळूहळू येतो की माणसाला वाटतं आपलं लक्षच लागत नाही. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे लाइट फाकलेले दिसतात का बघा. आधी डोळे दाखवा, गरज असेल तर ऑपरेशन करून घ्या, आता त्यात अवघड काही राहिलेलं नाही, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. चष्मा नवीन आला की मग सार्वजनिक वाचनालयात जा, १८४० पासून तुमच्या नाशकात आहे, तुम्ही सगळे सावाना म्हणता ते. जुनं कार्ड असेल तर चालू करून घ्या नाहीतर नवीन काढा. आणि निघताना सुनेच्या खोलीचं दार वाजवून विचारा, तुझ्यासाठी कुठलं आणू.